नैऋत्येचा कोपरा आणि बदकांची जोडी

इंदूरला पुतणीचे लग्न ठरल्यापासून आमच्या घरात मुहूर्त आणि केळवणांच्या जोडीला फेंगशुई हे चिनी वास्तुशास्त्रही येऊन बसले आहे. बागुआच्या, म्हणजे त्यातल्या अष्टदिशांच्या, प्रचलित नकाशात विवाहाची जागा नैऋत्येला मानतात, आणि वास्तुशास्त्रही कर्त्या जोडप्याची शयनखोली त्याच दिशेला सुचवते, त्यामुळे वहिनींचा विरोध तिथेच मावळला. नव्या फ्लॅटमध्ये पलंग असा मांडायचा आहे की डोक्यामागे भक्कम भिंत असेल, दोन्ही बाजूंनी उतरता येईल आणि दार दिसेल, पण पाय थेट दाराकडे होणार नाहीत. आरसाही पलंगासमोर नको, म्हणून सुताराला तो कपाटाच्या दाराला आतून बसवायला सांगितला आहे. हे मला पटते, कारण त्यात सोय आहे.

मँडरिन बदकांच्या जोडीचे मात्र हसू येते. दांपत्यनिष्ठेचे प्रतीक म्हणून ती शयनगृहात ठेवतात. प्रत्यक्षात मादी अंडी उबवत असतानाच नर सहसा निघून जातो. (जावईबापूंना हे कोणी सांगितलेले नाही.) चिनी परंपरेत नववधूचा रंग लाल, म्हणून स्वागतसमारंभाचा शालू लाल घेतला, गौरीहराला अष्टपुत्री मात्र पिवळीच राहील, असे वहिनींनी बजावले आहे.