डायरीत आलेला ‘डिसरप्टिव्ह’

ठाण्यात संध्याकाळी मी नोकरदार मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. त्या दिवशी धडा सुरू करणार, तोच पोळ्यांची कामं करणाऱ्या एका ताईंनी मुलाची शाळेची डायरी माझ्यापुढे ठेवली. वर्गशिक्षिकेने लिहिलं होतं, ‘ही इज डिसरप्टिव्ह इन क्लास.’ मोबाइलवर अर्थ आला होता ‘विघटनकारी’. “मॅडम, आठ वर्षांचं पोर. ह्यानं काय मोडलं?” त्यांचा आवाज कापत होता.

धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर ‘डिसरप्ट’ लिहिलं. मोडणं त्यात आहेच. लॅटिन ‘रुम्पेरे’ म्हणजे तोडणे. इंटरप्ट, बँकरप्ट ही त्याच घरातली. पण डिसरप्टमध्ये मोडते ती चालू गोष्टीची घडी: लोकलसेवा, सभा, झोप, पाणीपुरवठा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, लोकल ठप्प झाल्या. त्या रात्री कोण कुठे अडकलं होतं, हे वर्गातले एकेक जण सांगू लागले आणि क्रियापद आपोआप कळलं. कुणी बोलत असताना मध्येच तोंड घातलं तर ते इंटरप्ट. झोपलेल्याला आवाजाने त्रास दिला तर डिस्टर्ब. ही दोन्ही माणसाला करता येतात. डिसरप्ट सहसा कामाला किंवा व्यवस्थेला करतात.

स्टार्टअपमध्ये काम करणारा एक मुलगा म्हणाला, त्यांच्या ऑफिसात हा शब्द कौतुकाचा आहे. बरोबरच होतं त्याचं. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सन आणि जोसेफ बोवर यांच्या 1995 च्या लेखानंतर ‘डिसरप्टिव्ह’, म्हणजे प्रस्थापित कंपन्यांची घडी मोडणारं, तंत्रज्ञान उद्योगजगतात मानाने मिरवू लागलं.

मुलगा वर्गात करतो काय, असं मी ताईंना विचारलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं आणि डायरीतूनही कळत नव्हतं. मला हेच खटकलं. विशेषण लेकराला चिकटतं. क्रियापद वापरलं की कुणी काय केलं ते सांगावंच लागतं. मी ताईंना शाळेला तेवढंच विचारायला सांगितलं. वाक्य त्यांनी स्वतः जुळवलं, ‘प्लीज टेल मी व्हॉट ही डिड.’ एक शब्दही मी बदलला नाही.

उत्तर आलं: गणिताच्या तासाला दुसऱ्यांची पाळी असताना हा उत्तरं ओरडून सांगतो. ताईंनी त्याला हात वर करून थांबायला शिकवायचं ठरवलं आहे.