निळे छाप, केंट, 1843 : एका कादंबरीच्या तयारीचा माझा अनुभव

कादंबरी 1843 ते 1853 या काळात इंग्लंडच्या केंट परगण्यात घडते. नायिका समुद्रशैवालांचे सायनोटाइप, म्हणजे लेप दिलेल्या कागदावर उन्हाने उमटणारे निळे छाप, काढते, आणि त्या निळ्या छापांत अधूनमधून असे काही उमटते जे काचेखाली ठेवलेलेच नव्हते. एवढा ऐवज हाती आला की थेट पहिले प्रकरण लिहायला घ्यावेसे वाटते. मी आधी रसायन हाताने करून पाहिले, मग कायदा वाचला, आणि जादूला सर्वांत शेवटी हात घातला. दुसऱ्या कुणालाही मी हाच क्रम सुचवेन. जादू कुठे बसवायची हे रसायन कळल्याशिवाय कळत नाही.

पाया खरा आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने 1842 साली सायनोटाइपची रीत मांडली. वनस्पतींच्या अभ्यासक ॲना ॲटकिन्सने ऑक्टोबर 1843 पासून ब्रिटिश शैवालांच्या छापांचे भाग काढायला सुरुवात केली आणि 1853 पर्यंत ते चालू ठेवले. छायाचित्रांनी सजलेले पहिले पुस्तक म्हणून आज त्याचे नाव घेतात. प्रस्तावनेखाली सही फक्त ‘ए. ए.’ एवढीच, पुढे एका अभ्यासकाने ती ‘ॲनॉनिमस ॲमॅच्युअर’, म्हणजे कुणी अनामिक हौशी, अशी वाचली. कादंबरीकाराला मोह होतो तो याच बाईला नायिका करण्याचा. मी तो टाळला. खऱ्या व्यक्तीच्या तारखा हात बांधून टाकतात, आणि तिच्या तोंडी जादू घालणे मला पटत नाही. माझी नायिका काल्पनिक आहे. ॲटकिन्सबाई शेजारच्या गावात आहेत, त्यांचे भाग टपालाने येतात, इतकेच.

आता रसायन. दोन द्रावणे वेगवेगळी करायची : 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम हिरवे फेरिक अमोनियम सायट्रेट, आणि दुसऱ्या 100 मिलीत 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही तपकिरी बाटल्यांत ठेवायची. पहिल्यावर काही दिवसांत बुरशीची साय धरते. ती गाळून घेतली की द्रावण चालते. लागेल तेवढेच समभाग मिसळायचे, कारण एकत्र केलेले फार टिकत नाही. ए-फोर आकाराच्या कागदाला तीन-चार मिली पुरते. मंद पिवळ्या दिव्यात सपाट ब्रशने आधी आडवा, मग उभा हात फिरवायचा आणि अंधारात वाळू द्यायचे. ब्रशची पट्टी लोखंडी असली तर तिच्या गंजातून निळे ठिपके पडतात, म्हणून बिनधातूचा ब्रश बरा. फेरिसायनाइड तीव्र आम्लाजवळ नेऊ नये, विषारी वायू निघतो. हातमोजे हवेत, आणि स्वयंपाकघरातली भांडी वापरायची नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ कागद घालतो. आजच्या पुष्कळ कागदांत टिकाऊपणासाठी खडू घातलेला असतो; खडू अल्कलीधर्मी, आणि अल्कलीपुढे हा निळा टिकत नाही. छाप धुताना फिका पडतो आणि माणूस उन्हाला दोष देतो. सुती चिंध्यांचा, खडू नसलेला हातकागद घ्यावा. ॲटकिन्सबाईंच्या कागदावर व्हॉटमनच्या टर्की मिल या कागद गिरणीचे जलचिन्ह आढळते, आणि ती गिरणी केंटमध्येच, मेडस्टोनजवळ. कादंबरीत कागद कुठून आला हा प्रश्न तिथेच सुटला.

शैवाल मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे वापरले. उल्व्हा दोन्हीकडे मिळते, सरगॅसम आपल्याकडे भरपूर. गोड्या पाण्यात धुऊन, उथळ ट्रेमध्ये तरंगवून, खालून कागद सरकवत उचलायचे, म्हणजे फांद्या आपोआप पसरतात. मग टिपकागदात दाबून पूर्ण वाळवायचे. ओल राहिली तर छापाच्या कडेला पिवळट डाग येतो. वाळलेले शैवाल लेप दिलेल्या कागदावर ठेवून, वर काच दाबून उन्हात धरायचे. उल्व्हा इतकी पातळ की तिच्यातून ऊन झिरपते आणि निळ्याच्या दोन-तीन छटा मिळतात. सरगॅसम मात्र पांढरी ठाम आकृती देते, हवेच्या फुग्यांसकट. काच घट्ट दाबलेली नसेल तर कडा धूसर होतात.

एप्रिल-मेच्या भर दुपारी आपल्याकडे पाच ते दहा मिनिटे पुरतात. पिवळट हिरवा लेप आधी निळसर, मग राखाडी होतो आणि शेवटी त्यावर कांस्यासारखी झाक येते; तिथे थांबायचे. केंटच्या ढगाळ मार्चमध्ये अर्धा-पाऊण तास लागेल आणि तरी खात्री नाही. त्यामुळे माझ्या कादंबरीत हिवाळ्यात छाप निघत नाहीत. हिवाळ्यात नायिका नावे लावते, वनस्पतिशास्त्रज्ञ हार्वेच्या 1841 च्या शैवालकोशाशी ताडून पाहते आणि पत्रे लिहिते. कथेची लय उन्हाने ठरवली, मला ठरवावी लागली नाही.

नंतर धुणे. पिवळेपणा पूर्ण निघून पांढरा भाग स्वच्छ होईपर्यंत, पाणी बदलत, पाच-दहा मिनिटे. पाण्यात धुण्याचा सोडा वा साबण गेला की निळा उडालाच. इथे हात भिजवल्यावर मला कादंबरीतली दुसरी बाई सापडली. ॲटकिन्सबाईंच्या पूर्ण संचात सुमारे 400 पाने, छपाईचा ठोकळा किंवा प्लेट नाही, प्रत्येक प्रतीचे प्रत्येक पान स्वतंत्र उन्हात धरलेले. डझनभर प्रती म्हटल्या तरी हजारो पाने धुतली गेली. विहिरीवरून एवढे पाणी कुणी आणले? नायिकेच्या घरची मोलकरीण तेव्हापासून कथेत आली आणि निम्मी कादंबरी तिची झाली. स्त्रीवादी कादंबरीत मालकिणीचा कोंडमारा लिहायचा आणि बादल्या वाहणारीला पार्श्वभूमीला ठेवायचे, हे मला तरी चालत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण तारखांसकट. 1870 पर्यंत इंग्लंडमध्ये विवाहित बाईची कमाई आणि चीजवस्तू नवऱ्याची. त्या वर्षीच्या कायद्याने कमाई तिच्याकडे आली, 1882 च्या कायद्याने मालमत्ताही. श्रीमंत घराणी विश्वस्त नेमून वाट काढत, बाकीच्यांना ती सोय नव्हती. अविवाहित आणि विधवा स्त्रीचे मात्र तिच्या नावावर राहू शके. म्हणून माझी नायिका विधवा आहे आणि तिला मागणी घालणारा गृहस्थ मनापासून भला आहे. होकार दिला तर बाटल्या, काचा, छाप सगळे त्याचे होणार. खलनायक लागलाच नाही. संस्थांचेही असेच : लंडनची बोटॅनिकल सोसायटी 1830 च्या दशकातच स्त्रियांना सभासद करून घेत होती, ॲटकिन्सबाई 1839 साली तिच्यात होत्या. रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला त्यांनी आपल्या पुस्तकाची प्रत दिली. तिथे पहिल्या स्त्री फेलो, म्हणजे सभासद, मात्र 1945 साली निवडल्या गेल्या. पुस्तक आत आणि बाई बाहेर, एवढ्यावर एक अख्खे प्रकरण उभे राहते.

जादूसाठी फार शोधावे लागले नाही. सायनोटाइप सतत उजेडात ठेवला तर फिकटतो, आणि अंधारात ठेवला की हवेतल्या ऑक्सिजनमुळे निळा बराचसा परत येतो. हे शुद्ध विज्ञान आहे. मी एकच पाऊल पुढे टाकले : परत येताना छाप कधीकधी शैवालाचे एक जादा पान घेऊन येतो. नियम तेवढाच, आणि शेवटपर्यंत मोडायचा नाही. आपल्याकडच्या गूढकथेची सवय इथे आड येते. पहिल्या खर्ड्यात प्रकरणाच्या शेवटी दार करकरते, दिवा फडफडतो. ते सगळे कापले. पात्रे दचकत नाहीत. तारीख, हवा, नमुना क्रमांक, ‘दोन फांद्या जास्त’ अशी वहीत नोंद करतात आणि चहा घेतात. नोंदवहीची भाषा जितकी कोरडी, तितकी जादू खरी वाटते.

काळाची खानेसुमारी वेगळ्या तक्त्यात ठेवली. रेल्वे टनब्रिजपर्यंत मे 1842 मध्ये आली, फोकस्टनपर्यंत जून 1843 मध्ये. म्हणजे पहिल्या उन्हाळ्यात नायिकेला किनारा गाठता येतो. काचेवरचा कर 1845 पर्यंत आणि खिडक्यांवरचा 1851 पर्यंत होता, त्यामुळे काच फुटणे ही घरात बातमी असते. कृत्रिम जांभळा रंग 1856 चा आणि डार्विनचा ग्रंथ 1859 चा, म्हणून पोशाखात आणि गप्पांत दोन्ही वर्ज्य. हर्शेलचा उल्लेख येतो तिथे तो 1840 पासून केंटमध्येच, हॉकहर्स्टला राहत होता हे लक्षात ठेवावे. त्याला लंडनहून बोलावणे पाठवायची गरज नाही.

खर्डा तपासताना मी तीन रंगांच्या पेन्सिली वापरल्या : रसायनाला निळी, कायद्याला लाल, जादूला हिरवी. सलग तीन पानांवर फक्त हिरवी दिसली की तिथे कथा हवेत गेलेली असते. त्या जागी एखादी बादली, एखादी पावती किंवा एखादा फसलेला छाप घालावा लागतो.