आंबलेला चहा आणि मुरलेला चहा

गेल्या दिवाळीत सिंगापूरहून आलेल्या माझ्या मावसभावाने कागदात गुंडाळलेली एक चपटी, जड ढेप माझ्या हातात ठेवली. आकाराने ती लहान भाकरीएवढी होती, वजन 357 ग्रॅम होते आणि पाठीमागे मधोमध एक खोल खळगा होता. वाफवलेली पाने कापडी पिशवीत भरून दाबताना पिशवीची गाठ जिथे येते, तिथे हा खळगा पडतो, असे त्याने सांगितले. हा चीनच्या युन्नान प्रांतातला पु-अर चहा होता. वेष्टनावर 7572 हा आकडा होता. तो मला सालासारखा वाटला, पण ती चहाच्या पाककृतीची खूण निघाली : पहिले दोन अंक पाककृती ठरली त्या 1975 सालाचे, तिसरा पानांच्या प्रतीचा आणि शेवटचा मेंगहाईच्या कारखान्याचा. याच्याबरोबर त्याने वेगळ्या पुडीत दुसऱ्या एका ढेपेचा तुकडाही आणला होता. तो सुमारे पंधरा वर्षे जुना आणि जिंगमाई डोंगरावरचा असल्याचे त्याला दुकानदाराने सांगितले होते.

दोन्ही एकाच नावाचे असले तरी हे दोन अगदी निराळे चहा आहेत, आणि तो फरक सांगायला मराठीत दोन नेमके शब्द आहेत : आंबणे आणि मुरणे. पहिला चहा आंबवलेला असतो आणि दुसरा मुरलेला. आपला नेहमीचा काळा चहाही आंबवलेला असतो असे आपण वाचत आलो आहोत, परंतु तिथे सूक्ष्मजीवांचे काम नसते. पान चुरडले की त्याच्याच रसातील विकरे हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने त्याला काळपट करतात. इडलीचे पीठ किंवा विरजण या अर्थाने आंबणारा चहा म्हणजे हा पु-अर.

यातला मुरणारा प्रकार जुना आहे. त्याला चिनी भाषेत शंग, म्हणजे कच्चा, म्हणतात. पाने कढईत थोडी भाजून, हाताने चोळून उन्हात वाळवतात आणि मग दाबून ढेप करतात. भाजणे बेताचे असल्यामुळे पान पूर्णपणे निर्जीव होत नाही, आणि ढेप हवा खेळती राहील अशा जागी ठेवली की ती वर्षानुवर्षे बदलत राहते. लोणच्याच्या बरणीला घाई करता येत नाही, तसेच हे आहे. मात्र हाँगकाँगच्या उपाहारगृहांत अशा जुन्या, गडद चहाला मोठी मागणी होती आणि त्यासाठी दहा-वीस वर्षे थांबणे परवडणारे नव्हते. म्हणून 1973 च्या सुमारास युन्नानमधील कारखान्यांनी दुसरी वाट काढली. वाळलेल्या पानांचा मोठा ढीग लावायचा, त्यावर पाणी शिंपडायचे, वर कापड घालायचे आणि ठरावीक दिवसांनी तो उलथापालथा करायचा. ओल्या कडब्याची गंजी आतून कशी तापते हे शेतकऱ्याला ठाऊक असते. चहाच्या या ढिगातही बुरशी आणि जिवाणू कामाला लागून आतली उष्णता पन्नास-साठ अंशांपर्यंत जाते आणि साधारण दीड महिन्यात पान काळेभोर होते. हा शौ, म्हणजे पिकवलेला, पु-अर.

मी आधी आंबवलेला चहा करून पाहिला. ढेप हाताने फुटेना, म्हणून पोती शिवायचे दाभण कडेने आत सरकवून पाने थरांनी उचकटली. असे केल्याने पानांचा चुरा होत नाही. लहान चिनी मातीच्या किटलीत सुमारे पाच ग्रॅम पाने घातली, कडकडीत उकळते पाणी ओतले, पहिले पाणी लगेच टाकून दिले आणि दुसरे पंधरा-वीस सेकंदांनी कपात गाळले. रंग जवळजवळ काळा होता, पण उजेडात धरल्यावर खालून तांबूस झाक दिसली आणि गाळ कुठेच नव्हता. आईने कप नाकाजवळ नेला आणि म्हणाली, “अगं, याला आपल्या गावच्या बळदाचा वास येतोय.” मला तो वास ओळखता येत होता, पण त्याचे नाव सापडत नव्हते, ते तिने सांगितले. आजोळच्या वाड्यात भिंतीतल्या बळदाचे झाकण काढले की थंड माती, जुने लाकूड आणि धान्य यांचा जो मिसळलेला वास वर येई, तोच हा होता. चवीला तो मुळीच कडू लागला नाही, तुरटपणा नावालाही नव्हता, आणि घशातून उतरताना पेजेसारखा मऊ वाटला. त्याच पानांवर मी आठ वेळा पाणी घातले. सहाव्या कपापासून रंग फिका होत गेला, पण गोडसरपणा वाढला.

जुन्या कच्च्या चहाने मला अधिक विचारात पाडले. त्याचा रंग गडद मधासारखा होता आणि पहिल्या घोटाला तो चांगलाच कडवट लागला. काही क्षणांनी मात्र जिभेच्या मुळाशी गोडी आली आणि ती बराच वेळ टिकली. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर जे होते, तेच. चिनी लोक याला हुइगान, म्हणजे परतून येणारी गोडी, म्हणतात. ज्या जिंगमाई डोंगरावरचा हा चहा होता, तिथे ब्लांग आणि दाई लोक दाट झाडीच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या चहाची झाडे जपत आले आहेत, आणि 2023 साली युनेस्कोने त्या चहावनांचा जागतिक वारशात समावेश केला.

या झाडांचे आपल्याशीही नाते आहे. पु-अरचे मोठ्या पानांचे वाण आणि आसामच्या चहाचे वाण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकच आहे. त्याच्या नावातच आसाम आहे. वरच्या आसामातले सिंगफो लोक भाजून वाळवलेली पाने बांबूच्या नळीत ठासून भरतात, ती नळी चुलीवर धुरात टांगतात आणि लागेल तसा काप काढून पाण्यात घालतात. त्याला फालाप म्हणतात. चहा मुरवणे ही म्हणजे केवळ परदेशी गोष्ट नव्हे, आणि आपल्याच देशातल्या या चहाविषयी महाराष्ट्रात इतके कमी बोलले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझ्या रोजच्या चहात यामुळे फार बदल झालेला नाही. सकाळी सहा वाजता मला आले ठेचून घातलेला, दूध घालून चांगल्या दोन उकळ्या आलेला, अर्धा चमचा साखरेचा चहाच लागतो. पावसाळ्यात त्यात गवती चहाची दोन पाती पडतात. वेलदोडा मला चहात आवडत नाही, तो मी बासुंदीसाठी राखून ठेवते. बदल झाला तो दुपारच्या चहात. जेवणानंतर दुधाचा चहा मला जड होई आणि नुसता कोरा चहा घशाला तुरट लागे. त्या जागी आता आंबवलेला पु-अर आला आहे. तो पिऊन वजन उतरते वगैरे जे सांगितले जाते, त्यासाठी मी तो पीत नाही. जेवणानंतर तो पोटाला बरा वाटतो, इतके मला पुरेसे आहे. मुरलेला चहा मात्र मी रोज काढत नाही. त्याला निवांत वेळ आणि शेजारी बसणारे कुणीतरी लागते.

एक चूक सांगितली पाहिजे. पहिले पंधरा दिवस आंबवलेल्या चहाची ढेप मी स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवली होती. चहाचे पान आजूबाजूचा वास ओढून घेते हे माहीत असूनही मी तिकडे लक्ष दिले नाही, आणि वरच्या थराला हिंगाचा वास लागला. तो भाग काढून टाकावा लागला. कच्च्या चहाची पुडी सुदैवाने माझ्या कपाटात होती. आता दोन्ही चहा पुस्तकांच्या खोलीत, आतून न रंगवलेल्या मडक्यांत, तोंडाला सुती फडके बांधून ठेवले आहेत. पुण्याची उन्हाळ्यातली कोरडी हवा त्यांना फारशी पोषक नाही आणि पावसाळ्यातल्या दमटपणात बुरशी धरण्याची भीती आहे, म्हणून जून ते सप्टेंबर दर आठवड्याला फडके सोडून वास घेण्याचे काम आईने स्वतःकडे घेतले आहे. बळदातले धान्य राखण्याची सवय तिलाच आहे.