आमची वाटचाल : ११८ कार्डांचा डबा

‘डिझाइन कसं वाटलं?’ विचारलं की आपल्याकडे माणूस ‘छान आहे’ म्हणतो आणि चहाचा कप उचलतो. या ‘छान’वर पुण्यातल्या कितीतरी एजन्सी पोट भरतात. आम्ही नाही भरलं. ॲपचं रूप बघून लोकांना खरंच काय वाटतं, ते काढून देणं हा आमचा धंदा.

आमचं भांडवल म्हणजे कार्डांचा डबा. पद्धत मायक्रोसॉफ्टच्या जोई बेनेडेक आणि ट्रिश माइनर यांची, २००२ सालची : ११८ कार्डं, प्रत्येकावर एक शब्द, त्यातले साधारण चाळीस टक्के मुद्दाम नावडीचे किंवा तटस्थ. डिझाइन बघणाऱ्याने त्याला लागू पडतील ती उचलायची, मग त्यातली पाचच ठेवायची. आकडे रिपोर्टपुरते, खरा माल ‘हेच का उचललंत?’ विचारल्यावर निघतो. मराठी कार्डं आम्ही स्वतः छापून घेतली, मॅट लॅमिनेशन करून. ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते.

२०१९ला एका प्रतिस्पर्ध्याने आमचं सगळ्यात मोठं काम पळवलं. चेहरा वाचणारा कॅमेरा, वर आनंदाचे टक्के दाखवणारे रंगीत आलेख! कपाळाला आठी रंगामुळे पडली की बारीक टाइपामुळे, हे कॅमेऱ्याला काय कळणार? पण मीटिंगमध्ये माना डोलल्या. आमचं बिल अडकलं ते अडकलंच. पाठोपाठ लॉकडाउन. समोरासमोरच्या चाचण्या बंद, भाडं चालू. ऑफिस बायकोच्या पगारावर तगलं.

त्यातून बाहेर काढलं सांगलीच्या एका पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांनी. त्यांच्या नव्या ॲपची दोन रूपं होती. मजकूर तोच, बटणं तीच, फक्त रंगरूप वेगळं. निम्म्या सभासदांना एक दाखवलं, निम्म्यांना दुसरं. काळ्या-सोनेरी रूपाला एका मावशींनी ‘भारदस्त’ उचललं, शेजारी ‘परकं’ ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, “भारी हाय, पण हितं माझं पैसं असतील असं वाटत न्हाई.” साहेबांनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि त्याच संध्याकाळी डिझाइन परत पाठवलं. चेकही वेळेवर. असं गिऱ्हाईक जपावं.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनो, डिझायनरला खोलीत बसवू नका. त्याचं तोंड बघून लोक कार्डं बदलतात. चहा नंतर द्या. आणि चालतं ॲप हातात देऊ नका, स्क्रीनचा प्रिंट द्या. बटण अडलं की राग रंगावर निघतो.

पुढची वर्षं बरी गेली. गेल्या दिवाळीनंतर तो कॅमेऱ्यावर भाळलेला क्लायंट ‘तुमची ती कार्डं’ विचारत परत आला. आधी जुनी थकबाकी, मग निम्मा ॲडव्हान्स, असं कोटेशन धाडलंय. उत्तर अजून नाही.