सोलकढीचा रंग नेमका कुठला?

मालवणी थाळीची कुठलीही रील बघा. ताट गोल फिरतं, सुरमईची तुकडी दिसते आणि शेवटी कॅमेरा काचेच्या ग्लासावर येऊन थांबतो. आत भडक गुलाबी सोलकढी, वर कोथिंबिरीचं पान. हा रंग लोकांच्या डोळ्यांत इतका बसलाय की मालवण-वेंगुर्ल्याला आलेल्या पाहुण्यापुढे फिकी, जराशी जांभळट कढी ठेवली की तो विचारतो, "कोकम कमी पडलं का?" मग कुठे कुठे गिऱ्हाइकासाठी बिटाचा रस पडतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ती फिकी कढीच बहुतेक वेळा अस्सल असते.

कोकमाच्या रंगाचा स्वभावच तसा आहे. आंबटपणा भरपूर असला की तो लालभडक दिसतो, आंबटपणा उतरला की जांभळ्याकडे झुकतो. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, बाटलीत रक्तासारखं लाल असतं. तेच नारळाच्या दुधात पडलं की आंबटपणा पातळ होतो, दुधाचा पांढरा रंग मिसळतो आणि कढी फिक्या जांभळट गुलाबीवर येते. बिटाचा रंग असा बदलत नाही. शंका असेल तर वाटीत दोन चमचे कढी घ्या आणि चिमूटभर खायचा सोडा घालून ढवळा. कोकमाची कढी निळसर-करडी पडते, बिटाची गुलाबीच राहते.

आता करायची कशी ते सांगते. चार माणसांना एक मध्यम नारळ आणि दहा-बारा आमसुलं (कोकमाची सुकवलेली सालं) पुरतात. आमसुलं धुऊन एक वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजत घाला, मग हातानं कुस्करून पाणी गाळून घ्या. मिक्सरमध्ये फिरवू नका, सालीचा चोथा कढीत उतरतो आणि जीभ तुरट होते. आमसूल यंदाचं असावं. जुनं काळं पडलेलं आमसूल आंबट लागतं, पण रंग तपकिरी देतं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात, तेव्हा वर्षाचं आमसूल पावसाआधी भरून ठेवलेलं बरं.

नारळ खवून त्यात दोन लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची आणि वाटीभर कोमट पाणी घालून वाटा आणि पंचात पिळा. हे जाड दूध. तोच चव, म्हणजे खवलेलं खोबरं, पुन्हा वाटीभर कोमट पाण्यात वाटून पातळ दूध काढा. लसूण-मिरची चवाबरोबरच वाटायची, म्हणजे त्यांचा नुसता वास दुधात उतरतो, तुकडे दाताखाली येत नाहीत. पाणी कोमटच हवं. गार पाण्यात चवातला स्निग्धांश सुटत नाही, आणि कढत दुधात आंबट पडलं की ते फाटतं. कढी गॅसवर चढवायची नाही ती याचसाठी.

दूध गार झालं की कोकमाचं पाणी थोडं थोडं घाला आणि दर वेळी चाखा. मीठ सगळ्यात शेवटी. आगळ वापरत असाल तर त्यात आधीच भरपूर मीठ असतं, कित्येकदा वेगळं लागतच नाही. नारळाला तीन-चार मोठे चमचे आगळ घेऊन सुरुवात करा. अमृत कोकम मात्र चालणार नाही, ते साखरेतलं सरबत आहे. बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असल्या की हमखास गल्लत होते. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. बिनकल्हईच्या पितळेत आंबट ठेवू नये.

रीलवाल्यांची आणखी एक खोड म्हणजे ग्लासाला घाम फुटेल इतकी थंडगार कढी. खोबरेल तेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. फ्रिजमध्ये दोन तास राहिलेल्या कढीवर म्हणूनच पांढरे कण तरंगतात आणि पिताना ओठांना मेणचट थर लागतो. कढी नासलेली नसते, पण तिची गंमत जाते. कोकणातल्या घरात ती जेवणाआधी तासभर करून ओट्यावरच ठेवतात. तोवर वर जाड थर येतो, म्हणून वाढताना पळी तळापासून फिरवायची. उन्हाळ्यात गारवा हवाच असेल तर पातेलं माठातल्या पाण्याच्या परातीत ठेवा. नारळ नसेल त्या दिवशी तिवळ, म्हणजे बिननारळाची कोकमाची कढी, करा, ती फ्रिजमधली खुशाल प्या.

उरलेली कढी दुसऱ्या दिवसावर टाकू नका, नारळाचं दूध लवकर आंबतं. पिळलेली आमसुलं मात्र फेकू नका. त्यांच्यात अजून बराच आंबटपणा असतो, संध्याकाळच्या बांगड्याच्या कालवणात चार सालं टाकली तरी पुरे.