करंज-एरंडेल स्लाइडवे तेल: तिसऱ्या घाण्याची नोंद

लेथच्या (धातू कातायच्या यंत्राच्या) बेडला आणि क्रॉस स्लाइडला, म्हणजे त्याच्या सरकत्या भागांना, चालेल असं ६८ ग्रेडचं (४० अंशांना ६८ सेंटिस्टोक्स श्यानतेचं, म्हणजे घट्टपणाचं) तेल करंज आणि एरंडेलातून बनवायचं, एवढंच या घाण्यांचं उद्दिष्ट. आधीच्या घाण्यांत सरकण्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती मशीन काही आठवडे बंद राहिलं की जिबपाशी (स्लाइडची फट जुळवणाऱ्या पट्टीपाशी) जमणाऱ्या पिवळट चिकट्याची. तेव्हा या वेळी झेडडीडीपी (झीज रोखणारं जस्तयुक्त ॲडिटिव्ह) बाजूला ठेवून आधी तेल साफ करणं आणि त्याचं वय वाढवणं यावरच भर दिला. वनस्पती तेलात घालायच्या गोष्टींचा क्रमच मुळात उलटा लागतो. वंगणाचा गुण त्यात उपजत आहे, टिकण्याचा नाही.

करंज निवडलं ते ओलिक आम्लामुळे. त्यात ते साधारण निम्मं असतं आणि लिनोलिक त्याहून बरंच कमी. लिनोलिकची साखळी ओलिकपेक्षा किमान दहापट वेगाने हवेतला ऑक्सिजन घेते. म्हणून नेहमीचं सूर्यफूल किंवा करडईचं तेल या कामाला नको, आणि जवस तर नकोच, ते रंगवाल्यांचं. खोबरेल टिकाऊ खरं, पण २४ अंशांच्या आसपास गोठतं. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात ते पंपातच बसेल.

४० अंशांना करंजाची श्यानता ४० सेंटिस्टोक्सच्या जवळ असते, एरंडेलाची २५०च्या. दुहेरी लॉगच्या सूत्राने हिशेब केला तर ६८ साठी एरंडेल ३३ टक्के येतं, म्हणजे दोन भाग करंज, एक भाग एरंडेल. ही दोन्ही तेलं एकमेकांत सहज मिसळतात. खनिज तेलात मात्र एरंडेल थंडपणी फुटून वेगळं होतं, त्यामुळे बेडवरचं जुनं तेल पूर्ण पुसल्याशिवाय हे लावू नये.

तेलघाण्यावरून आणलेलं करंज तेल तसंच वापरण्यात अर्थ नाही. आधी आम्लांक (एक ग्रॅम तेलातलं आम्ल मारायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं तो आकडा) काढायचा: ५ ग्रॅम तेल, ५० मिलि कोमट आयसोप्रोपिल अल्कोहोल, फिनॉल्फ्थलीनचे (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) थेंब आणि ०.१ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइड. एक मिलि म्हणजे १.१२ आम्लांक. ७.१ मिलि लागलं तर आम्लांक ८, म्हणजे मुक्त मेदाम्ल ४ टक्के. तेल गडद असेल तर गुलाबी रंग त्यात बुडून जातो. बाटली हलवून क्षणभर ठेवायची आणि वरच्या अल्कोहोलच्या थरात रंग बघायचा.

४ टक्क्यांच्या एक किलो तेलाला हिशेबाने ५.७ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. दहा टक्के जास्त धरून ६.२ ग्रॅम, ४५ मिलि पाण्यात विरघळवलेला. चष्मा आणि हातमोजे घालूनच, आणि भांडं स्टेनलेसचं. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं, तांबं-पितळ तेल खराब करतं. तेल ६५ अंशांवर, धार बारीक, ढवळणं अगदी सावकाश. इथेच बहुतेकांचा घाणा बिघडतो. ड्रिलला पॅडल लावून जोरात फिरवलं की साबण आणि तेल मिळून लोण्यासारखं पांढरं मिश्रण होतं आणि ते रात्रभर ठेवूनही फुटत नाही. तसं झालंच तर ५ टक्के मिठाचं गरम पाणी थोडं घालून पुन्हा तापवावं, बहुधा सुटतं. साबण खाली बसला की वरचं तेल काढून गरम पाण्याचे हात द्यायचे, धुवणाचं पाणी फिनॉल्फ्थलीनला गुलाबी होईनासं होईपर्यंत. मागे राहिलेला साबण पुढे हवेतलं पाणी तेलात धरून ठेवतो आणि पावसाळ्यात बेडवर गंज आणतो.

नंतर १०५ ते ११० अंशांवर बुडबुडे थांबेपर्यंत वाळवणं, मग ३ टक्के वाळवलेली मुलतानी माती घालून ९० अंशांवर अर्धा तास, आणि गरम असतानाच गाळणं. किराणा दुकानातली माती रंग फारसा काढत नाही, पण उरलासुरला साबण आणि डिंक ओढून घेते. वापरलेली माती आणि तेलाचं कॉटन वेस्ट ढीग करून ठेवू नका. आपोआप तापून पेटू शकतं. पाणी मारून टाकावं. शुद्ध तेलाचा आम्लांक ०.५च्या खाली हवा. तो मोजताना नमुना २० ग्रॅमचा घ्यावा, नाहीतर एका थेंबाने निकाल हलतो.

आता ॲडिटिव्ह, एक किलो मिश्रणाला. बीएचटी (तेलाचं ऑक्सिडेशन रोखणारं द्रव्य) ७ ग्रॅम, ७० अंशांवर विरघळेपर्यंत ढवळून. टॉलिलट्रायझोल अर्धा ग्रॅम, आधी जरा आयसोप्रोपिलमध्ये विरघळवून (हे करताना शेगडी बंद). हा अर्धा ग्रॅम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. लेथचे हाफ नट आणि बुश गनमेटलचे, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचे असतात, आणि तांब्याचा अंश तेलातल्या पेरॉक्साइडांना फोडून ऑक्सिडेशनची साखळी भराभर पुढे नेतो. ट्रायझोल तांब्यावर पातळ थर धरून त्याला गप्प बसवतं.

फरक बघायला काचेच्या पट्ट्या पुरतात. चार पट्ट्यांवर तेलाचा सारखा पातळ थर: नुसतं तेल, बीएचटीवालं, ट्रायझोलवालं, दोन्ही घातलेलं. प्रत्येकात घासून चकचकीत केलेल्या तांब्याच्या तारेचं एक वेटोळं, आणि सगळ्या पट्ट्या ६० अंशांच्या ओव्हनमध्ये. नुसत्या तेलात तारेभोवती आधी हिरवट कड उमटते, मग बोटाला तेलाची चिकट तार सुटते, शेवटी रॉकेलनेही न निघणारं कातडं होतं. ग्लो इंजिनवाल्यांना (मॉडेल विमानांची छोटी इंजिनं चालवणाऱ्यांना) एरंडेलाचं हे तपकिरी वार्निश चांगलंच ठाऊक असेल. बीएचटी एकटं असलं की कातडं उशिरा येतं पण तारेजवळ येतंच. दोन्ही असलेली पट्टी सगळ्यात शेवटपर्यंत ओली राहते. घाई म्हणून ओव्हन १०० च्या वर नेऊ नका. पातळ थरातून बीएचटी उडून जातं आणि चांगला घाणाही नापास ठरतो.

झेडडीडीपी घालायचंच तर त्यानंतर. खनिज तेलात १ टक्का पुरतं तिथे इथे १.५ धरावं, कारण ट्रायग्लिसराइड (वनस्पती तेलाचा मूळ रेणू) स्वतःच ध्रुवीय आहे आणि धातूच्या पृष्ठभागावर जागेसाठी त्याच्याशी भांडतं. आधी करंजात मिसळायचं, मग एरंडेल ओतायचं. थेट एरंडेलात टाकलं तर ढगाळ राहतं. चिकटपणासाठी पॉलिआयसोब्युटिलीन घालण्याचा मोह होतो, पण एरंडेलाशी त्याचं जमत नाही. हलक्या लेथवर झेडडीडीपीची गरज खरंच आहे का, याबद्दल या नोंदीपुरती तरी शंकाच आहे.

सरकण्याच्या चाचणीला ग्राइंड केलेली बिडाची पाटी, त्यावर २ किलोचा बिडाचा ठोकळा आणि स्प्रिंग काटा. ठोकळा अगदी सावकाश ओढायचा. काटा एका जागी थरथरला तर ठीक, चढून धपकन उतरला तर तेल अडकत-सरकत चाललंय. तिसरा घाणा यात खनिज ६८ पेक्षा गुळगुळीत निघाला, आणि तेही झेडडीडीपीशिवाय.

राहिलाय तो थंडीतला साका. फ्रीजमध्ये ठेवलं की करंजातले जड मेद पांढरे होऊन तळाशी बसतात आणि ऑइलगनची जाळी तुंबवतात. पुढच्या घाण्यात करंज आधी फ्रीजमध्ये रात्रभर गोठवून कापडातून थंडच गाळायचं आणि मगच एरंडेल मिसळायचं. जड भाग गेला की श्यानता थोडी खाली येईल, तेव्हा ३३ टक्क्यांचा आकडा पुन्हा मोजूनच ठरवावा लागेल.