सोन्यावरचं बेट

छत्रपती संभाजीनगरचा मे महिना, बाहेर रणरणतं ऊन. आमचा स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, म्हणजे बारीक सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरवून अणूंच्या पातळीवरचं चित्र काढणारं यंत्र, हवेतच चालतो, निर्वात वगैरे चोचले नाहीत. शेजारच्या बोअरची मोटार सुरू झाली की पडद्यावर लाटा उमटतात, म्हणून ती बंद असेल तेवढ्यात काम उरकायचं.

अभ्रकावर चढवलेला सोन्याचा थर ज्योतीवर तापवून घेतला होता. प्लॅटिनम-इरिडियमची तार पकडीने तिरकी कापली, झाली सुई. पडद्यावर पायऱ्या उमटल्या. एकेक पायरी एका अणूएवढी, सुमारे ०.२४ नॅनोमीटर उंच. एका सपाटीवर सोन्याच्याच अणूंची, एका अणूएवढ्या जाडीची दोन बेटं होती, एक मोठं, एक चिमुकलं.

"सर, बारकं बेट कमी व्हायलंय बघा," विद्यार्थी म्हणाला. पोरगा बीडचा, घरी सराफी.

आधी ड्रिफ्टचा, म्हणजे नमुना सुईखालून हळूहळू सरकण्याचा, संशय आला. पण ड्रिफ्टने अख्खं चित्र सरकतं. इथे मोठ्याची कड जवळपास जागेवर आणि धाकटं तेवढं आटत चाललेलं. मग सुईच अणू ढकलते की काय? सुई मागे घेऊन आम्ही जेवून आलो. परत पाहिलं तर बेट आणखी लहान.

"पण सोनं तर जसंच्या तसं राहतं म्हणतात की!"

गंजत नाही, एवढंच खरं. थराच्या आतल्या अणूला त्याच थरात सहा शेजारी असतात, सरळ कडेवरच्याला चार, कड जिथे एका अणूएवढी आत वळते त्या कोपऱ्यावरच्याला तीनच. सप्त्यात सतरंजीच्या कडेला बसलेला आधी उठतो, तसंच हे. सुटलेला अणू सपाटीवरून भटकत मोठ्या बेटाला नाहीतर पायरीला चिकटतो. लहान बेटाची कड जास्त वक्र, म्हणून तिथून गळती जास्त. सोनं वितळतं १०६४ अंशांना. या हालचालीला खोलीचं तापमान पुरतं.

चारच्या सुमारास बेट नाहीसं झालं. पोराने क्षेत्रफळाचा आलेख काढला: आधी जवळजवळ सरळ उतार, शेवटी एकदम घसरण. शेवटचे बिंदू 'खराब' म्हणून तो पुसायला निघाला. मी हात धरला. खरी गंमत तिथेच होती. अणू कडेपासून सुटण्यातच वेळ जात असता, तर क्षेत्रफळ शेवटपर्यंत साधारण सरळ रेषेत उतरलं असतं. ही घसरण सांगते की वेळ जातोय तो सुटलेला अणू सपाटीवरून दूर जाण्यात. पण नमुना हवेतला, पृष्ठभागावर काय काय चिकटलेलं असणार, आणि बेट एकच. वहीत 'शक्यता' एवढंच लिहायला लावलं आणि पुढच्या नमुन्यासाठी नवी तार कापायला घेतली.